डावं अंग

गाडी दारासमोर उभी राहिली तेव्हा वच्छलाबाई भिंतीवर हात चढवत होत्या. डाव्या हाताची बोटं भिंतीला टेकवायची, हळूहळू वर न्यायची, थांबायचं, मग खाली आणायची. हात हलता ठेवला नाही तर खांदाही धरेल, असं मेहकरच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

"आले वाटते," त्यांचे यजमान अर्जुनराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी हात खाली घेतला आणि पदर डाव्या अंगापासून जरा लांब धरला. मागच्या वर्षी त्यांच्या पाठीपासून छातीपर्यंत नागीण उठली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी पुन्हा कातडीसारखी झाली. आग मात्र आत राहून गेली. नुसतं कापड घासलं तरी विस्तव टेकवल्यासारखं होई. "नस दुखावली आहे, वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले होते. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

सकाळची गोळी वच्छलाबाईंनी घेतली नव्हती. गोळीनं आग मंदावायची, पण डोकं गरगरायचं, हातातलं भांडं सुटायचं. आज हातातून काही सुटायला नको होतं. बाळंतपणाला माहेरी आलेली पुष्पांजली आज लेकीला घेऊन सासरी, देऊळगाव राजाला निघाली होती.

न्यायला विहीणबाई, जनकाबाई, स्वतः आल्या होत्या. पाणी पिऊन झालं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिचं अंगडं नीट केलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "एक इचारू का विहीणबाई? राग नका येऊ देऊ."

"इचारा ना."

"रोज फोनवर पाहून राह्यली मी. पोरगी कधी आजोबाच्या मांडीवर, कधी खाटेवर. तुमच्या हातात एक डाव दिसली नाही. लेक झाली म्हून तं नाही ना?"

पुष्पांजली आतून धावत आली. "आत्याबाई, मायले नागीण झाली होती. तुम्हाले माहीत हाय."

"ते तं कधीचीच गेली. मीच तं पाहून गेलती." जनकाबाईंच्या आवाजात खोट नव्हती. "आता डागबी दिसत नाही."

अर्जुनराव काही बोलणार, तोच वच्छलाबाई उठल्या.

"द्या इकडे."

त्यांनी उजवा हात पुढे केला होता. पण जनकाबाईंनी बाळाला उचललं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डाव्या खांद्यावर टाकलं. "काळजाकडून धरा. ठोके आयकते न निजते लेकरू."

बाळानं मूठ वळली, पोलक्याचं कापड मुठीत धरलं आणि पाय झाडला.

वच्छलाबाईंच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुखणं आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, डॉक्टरनं शिकवलं होतं. आलं म्हणायचं. फक्त श्वासाकडे पाहत राहायचं, आत येतो, बाहेर जातो. त्या पाहत राहिल्या. श्वास आत जाई आणि अर्ध्यावरच अडे. मग त्यांनी श्वासाचाही नाद सोडला. हात तेवढे घट्ट ठेवले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागल्या.

बाळाची हालचाल थांबली. मान कलली. मूठ सैल पडली.

"पाहा," जनकाबाई हसल्या. "आजीच पाह्यजे होती तिले."

पुष्पांजलीही हसली. इतक्या दिवसांत ती अशी हसली नव्हती. "माय, तुले जमते ना आता," ती म्हणाली. "राहू दे तशीच. मी चहा ठेवतो."

अर्जुनरावांचं लक्ष बायकोच्या पायांकडे गेलं. बोटं फरशीत रुतवल्यासारखी आवळली होती. ते पुढे झाले, दोन्ही हात पसरले. "आण, मी घेतो."

वच्छलाबाईंनी डोळ्यांनीच त्यांना अडवलं. "राहू द्या. निजली ते."

ते तसेच उभे राहिले. चहा झाला. जनकाबाईंनी तो बशीत ओतून, फुंकर मारत निवांत प्यायला. सोयाबीन कसं झालं ते विचारलं. अर्जुनरावांनी उत्तरं दिली, पण आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही. वच्छलाबाईंनी डोळे मिटले होते.

"त्याहीले बी डुलकी लागली वाटते," जनकाबाई कौतुकानं म्हणाल्या.

निघताना त्यांनी बाळाला अलगद उचलून घेतलं. "मनातलं काढून टाकलं मी, विहीणबाई. खोटं नाही सांगत, लय दिवसाचं होतं." पुष्पांजली पाया पडली. "दिवाळीले आली का तूच घेजो तिले, माय. आंघोळबी तूच घालजो."

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या.

गाडी वळली. धूळ खाली बसेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग ओट्यावर बसल्या आणि वाकून गुडघ्यांवर कपाळ टेकलं. आवाज येत नव्हता, पाठ तेवढी हलत होती.

अर्जुनरावांनी पाणी आणलं. गोळी दिली. ती लागू पडायला वेळ होता. त्यांनी हात पाठीकडे नेला आणि अध्धरच थांबवला. दुसरीकडे कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी ते खालच्या पायरीवर बसले. दवाखान्यात बायकोच्या शेजारी बसून त्यांनीही डॉक्टरचं ते श्वासाचं सगळं ऐकलं होतं.

"घे," ते म्हणाले. "श्वास घे."

वच्छलाबाईंनी घेतला.

"आता सोड."

श्वास सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. अर्जुनराव सांगत राहिले. काही फरक पडतोय की नाही, कळायला मार्ग नव्हता. समोरच्या घराच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "गेली का पोरगी?" अर्जुनरावांनी नुसती मान हलवली.

"घे."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्याला वेखंडाचा, बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा वास होता. त्यांनी श्वास घेतला, खोलवर.

"सोड," अर्जुनराव म्हणाले.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि तो तसाच धरून ठेवला.