गुंडाळी

मूर्तिजापूरच्या बसस्टँडासमोर मायाच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. त्याचा आवाज कधीचाच बसलेला, म्हणून दिसेल तेवढंच खरं. वर दरी, झाडं, चाकं आभाळाकडे करून पडलेली बस. खाली लाल पट्टी पळत होती, तिच्यावर पांढरी अक्षरं.

पंचफुलाबाई उभीच होती. मायाने खुर्ची पुढे केली तर म्हणे, "बसायले आली का मी?" तिची नात नीलम कॉलेजच्या सहलीबरोबर सेमाडोहला गेली होती, त्याच बसनं. जंगलात टॉवर नाही. सकाळपासून फोन लागत नव्हता.

"मावशी, ज्यायले वाचवलं त्यायची नावं खाली येऊन राहिली," माया दुधाखालचा गॅस वाढवत म्हणाली. "एक पॅसेंजर सांगून गेला आत्ता."

पंचफुलाबाईने डोळे बारीक केले. वाचता येत होतं तिला, पण थांबून थांबून, अक्षरावर बोट ठेवून. ही पट्टी कुठली थांबते! एक अक्षर धरावं तर चार पळालेली.

बाकड्यावर तिच्याच गावचा सुगत मास्तर बसला होता. त्याच्या चहावर साय धरली होती.

"सुगत, वाच बरं."

"मावशी, याले स्क्रोल म्हणतात," मास्तर म्हणाला.

"काय?"

"स्क्रोल. जुन्या काळी पुस्तकं नव्हती ना. लांबच्या लांब पट्टी घ्यायची, लिहायचं अन् गुंडाळून ठेवायचं. वाचताना एका हातानं सोडत जायचं, दुसऱ्या हातानं गुंडाळत जायचं. त्या गुंडाळीचं नाव स्क्रोल. तेच मंग मोबाइलमंदी आलं, टीव्हीवर आलं..."

"मी तुले शब्द इचारला का? नाव इचारलं."

"सांगतो ना. मुळात म्हणे तो शब्द कापलेल्या चामड्याच्या तुकड्याचा होता..."

"मास्तर! मले गुंडाळून राहिला का तू?"

शिकलेल्या माणसाला हव्या त्या गोष्टीपुरतं बोलणं तेवढं येत नाही.

"राहू दे. तुह्यावाचून अडलं नाही माहं."

तिने पदर खोचला, गिऱ्हाइकांना बाजूला सारलं आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. आता ती अक्षरांमागे धावणार नव्हती. येतील तीच बोटाखाली.

पट्टी फिरून आली. एक शब्द गेला. एक अनोळखी नाव गेलं, दुसरं गेलं. मग ते आलं. नीलमने तिला पहिलं शिकवलं ते स्वतःचंच नाव, चुलीमागच्या भिंतीवर, कोळशानं.

"न ले दुसरी वेलांटी, नी. ल. म." पट्टी पुढे सरकली. "ता. य. डे. तायडे! आमचीच हाय वो माया, आमचीच! नाव हाय तिचं!"

ती वळली तेव्हा तोंडभर हसत होती. "दे मले चहा. मास्तरले बी दुसरा दे, थंडा झाला त्याचा."

माया टीव्हीकडे पाहत होती. मागे दूध उतू जात होतं.

"अवो, दूध पाय तुहं!" पंचफुलाबाई खुर्चीवर टेकली. मग काहीतरी आठवून मास्तरकडे वळली. "सुगत, त्या नावायच्या आंधी एक शब्द होता. म होता त्यात. त्याच्या पायाखाली असं वाकडं काहीतरी लटकून होतं." तिने हवेत बोटानं काढून दाखवलं. "थे नाही शिकवलं तिनं मले. काय हाय थे?"

मास्तरने कप उचलला. तसाच खाली ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "जुन्या काळी पुस्तकं नव्हती..."