डावीकडची जागा

शेवटचं मिनिट उरलं होतं आणि अबुधाबीचा संघ तीन गुणांनी मागे होता. मैदानाच्या मधोमध कप्तान विघ्नेश कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. साडेसहा फूट उंची, सहा वर्षांची कप्तानी, आणि आज त्यानं एकही उडी हरलेली नव्हती. तरी संघ हरत होता आणि तो त्याच्यामुळेच हरत होता.

हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्यानं पर्थला शिकायला गेल्यावर तिथून उचलून आणला होता. पंच लंबगोल चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो आणि दोन्ही संघांचे ताडमाड गडी एकदम झेपावतात. चेंडू पकडायचा नाही, खाली टपून बसलेल्या आपल्या चपळ गड्याकडे तळव्यानं ढकलायचा. हवेत खाली बघायला सवड नसते. गडी कुठं उभा आहे ते हातालाच ठाऊक असावं लागतं.

विघ्नेशच्या हाताला कमरुद्दीन ठाऊक होता. डावीकडं, दोन पावलं मागं. मुसफ्फातल्या कंपनीच्या वर्कशॉपमागच्या वाळूत दोघांनी वर्षानुवर्षं एवढंच घोटलं होतं. गोऱ्यांच्या संघात तेव्हा हे दोघंच मराठी, एक पर्थहून परतलेला नि दुसरा दापोलीचा. गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, रुवैसच्या रस्त्यावर कंपनीची पिकअप उलटली आणि कमरुद्दीन गेला. त्या गुरुवारी साइटवर खरं तर विघ्नेशनं जायचं होतं. "प्रॅक्टिस आहे रे, तू जाऊन ये," असं तोच म्हणाला होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेला एक आणि खोड राहिली दुसऱ्याच्या हाताला. अख्खा मोसम चेंडू डावीकडंच जात होता. दुबईवाल्यांनी ते हेरलं आणि आज तिथं आपला एक दांडगा माणूस आणून ठेवला. त्याला आयतं ताट मिळत होतं. मध्यंतरात कोचनं सांगून टाकलं होतं, आज हरलो तर कप्तानी खलास.

कमरुद्दीनच्या जागी आलेला रोनित जवळ आला. दिवसभर बँकेत बसणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"कॅप्टन, मी राइटला आहे. लेफ्टला आपलं कोणीच नाहीये."

"माहितीय मला."

"तुम्हाला माहितीय. हाताला सांगा."

दोरीपलीकडं अजरा उभी होती, कमरुद्दीनची बायको. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून झाल्यापासून ती दर शुक्रवारी यायची. का येते, हे विचारायची विघ्नेशची छाती झाली नव्हती. तिच्यासमोर उभं राहायचीच त्याला लाज वाटायची.

पंचानं चेंडू आपटला. विघ्नेश झेपावला आणि वर असतानाच ती हाक आली, रोजच्यासारखी, डाव्या खांद्यामागून. "भाय, इकडं."

त्यानं दात आवळले आणि मनगट उजवीकडं वळवलं.

रोनितनं चेंडू उचलला, दोघांना हुलकावणी दिली आणि लांब लाथ मारली. पुढच्यानं झेलून सहा गुणांचा गोल केला. भोंगा वाजला. सगळे विघ्नेशच्या अंगावर येऊन पडले. तो मात्र त्यांच्यातून बाहेर पडला. जिथं कमरुद्दीन असायचा तिकडं त्यानं वळून पाहिलं. दुबईचा दांडगा तिथं वाकून बुटाची नाडी सोडत होता.

मग धीर करून तो दोरीपाशी गेला.

"मुबारक, विघ्नेशभाई," अजरा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "यांना फार आनंद झाला असता."

"वहिनी, त्या गुरुवारी..."

"मला माहितीय. यांनीच फोनवर सांगितलं होतं, निघताना." तिनं ओढणी सारखी केली. "पुढच्या शुक्रवारपासून मी येणार नाही."

"का?"

"चेंडू तिकडं रिकाम्या जागी पडायचा ना, तेव्हा वाटायचं, हे गेल्याचं आणखी एका माणसाला पटलेलं नाही." तिनं डावीकडच्या त्या जागेकडं पाहिलं. "आज तुम्हालाही पटलं."