राखीव सर्व्हर

डेटाबेसच्या लायसन्सचं बिल बघून मेहुण्याचे डोळे पांढरे झाले. कंपनी त्याची, सर्व्हर सांभाळणारा मी. दुसऱ्या सर्व्हरकडे बोट दाखवून तो म्हणाला, "दाजी, याचेही एवढेच पैसे?"

"छे! हा राखीव. मुख्य सर्व्हर जे करतो ते सगळं हा गुपचूप उतरवून घेतो. याला स्वतंत्र काम सांगत नाही, तोवर याचं लायसन्स फुकट. फक्त अधूनमधून मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून बघायचं, याच्यावर भागतं का ते."

मेहुण्याने पुन्हा एकदा समजावून घेतलं. इतकं मन लावून तो माझं कधीच ऐकत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याचा जावई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला.

"बसू दे हो, दाजी. घरी कंटाळतो. पगार नाही देत मी त्याला. काम सांगू नका, नुसता बघेल."

घरचाच माणूस, म्हणून मीही हातचं काही राखलं नाही. पासवर्डसुद्धा दिले.

मग एक दिवस मेहुणा अचानक विरघळला. "किती राबता, दाजी! ताईला घेऊन आठवडाभर कुठेतरी जाऊन या. पण फोन बंद ठेवायचा हं, माझी शपथ."

"तुझा भाऊ म्हणजे देवमाणूस आहे," मी गाडीत बसल्या बसल्या बायकोला म्हणालो.

परतल्यावर फोन चालू केला. त्याचा एकच मेसेज होता.



"दाजी, मुख्य बंद ठेवून पाहिला. राखीववर भागतंय."