घट्ट गाठ

खाडीकाठच्या उद्यानात, खारफुटीतल्या फळ्यांच्या वाटेवर धाकटीच्या बुटाची लेस तिसऱ्यांदा सुटली.

"बाबांची गाठ म्हणजे दोन मिनिटांची पाहुणी," थोरला म्हणाला.

बाबा हसले. दुहेरी फास मारून टोकं आत खोचायची ती गाठ फक्त त्यांच्या बायकोला जमायची. शिकून घेऊ म्हणता म्हणता ती गेली, त्याला चार महिने झाले. त्यांनी आपली साधी गाठ मारली.

पक्षी बघायच्या झोपडीत तिघं बराच वेळ बगळे बघत उभे राहिले. बाहेर येताच बाबा सवयीने लेस बघायला वाकले. दुहेरी फास होता, टोकं आत खोचलेली. लेस ओली होती.

"ही कोणी बांधली गं?"

"तूच ना बाबा, बगळे बघताना. आईसारखीच आवळलीस. बोटं दुखतायत."

मुलं खेकडे बघायला पुढे पळाली. बाबा बाकावर बसले. जवळपास कोणी नव्हतं. त्यांनी आपल्या बुटाची लेस सोडली, पाय पुढे केला आणि मुद्दाम मुलांकडे बघत राहिले.

दोघं दूर कठड्यावरून वाकली होती. इकडे बाबांचा बूट हळूहळू आवळत गेला, बोटं दुखेपर्यंत.