बिघडलेलं मशीन

मांजरसुंब्याच्या चौकात भरदुपारी पोलिसांनी नाकाबंदी लावली होती. मेंढपाळ धुळाजीच्या मोटारसायकलवर पोत्यात आजारी कोकरू होतं. गुरांचा दवाखाना बंद व्हायच्या आत त्याला बीड गाठायचं होतं. त्याच्या पुढे पुढारी अमरसिंहभैय्यांची गाडी अडवलेली. भैय्या ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरले ते दाराला लोंबकळतच. त्यांनी फुंकताच दारू तपासायचं मशीन बोंबलायला लागलं.

"मशीन बिघडलंय तुमचं!" भैय्या गरजले. "माझं रक्त तपासा. तो माझा हक्क हाय!"

"बिघडलंच असंल, भैय्यासाहेब," असं म्हणून फौजदाराने सलाम ठोकला आणि स्वतः गाडीचं दार उघडून दिलं. गाडी नागमोडी वळणं घेत निघून गेली.

मग धुळाजीची पाळी आली. ताकापलीकडे आंबट असं काही त्याने जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. त्याने छाती भरून फुंकलं. मशीन गपगार.

"बिघडलेल्या मशीनचं काय खरं बे?" फौजदार म्हणाला. "तू पिलेलाच हायस. गाडी जमा कर."

पोत्यात कोकरू खोकलं. धुळाजीने हात जोडले आणि आत्ताच कानांनी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "मग साहेब, माझंबी रक्त तपासा. तो माझा हक्क हाय."

फौजदार हवालदाराकडे वळून हसला.


"बघ, हक्काचं बरळाय लागला. लई चढलीय याला."