डाव्या हातातली काठी

“काठी चुकीच्या हातात आहे, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

सरदारांनी आधी नाटकातून गुपचूप आणलेल्या काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नाटक मंडळीत त्यांना सगळे सरदार म्हणत. भूमिका नोकराची असली तरी त्यांची मान मालकाचीच असायची. ‘लंगडा न्यायाधीश’ नाटकात ते काठी टेकत आले की नुसत्या चालीवर टाळ्या पडत. आणि ही कालची पोर त्यांना काठी धरायला शिकवत होती.

“उजवा पाय दुखतो, म्हणून उजव्या हातात धरली. शाळेतलं पोरगंही असंच धरेल.”

“धरेल आणि चुकेल. दुखरा पाय टेकताना दुसऱ्या बाजूच्या हातानं भार घ्यायचा. मग खुब्यावरचं ओझं उतरतं.”

“खुबा कुठून आला? मला दुखतो गुडघा. तुम्ही फोटो काढलात कमरेचा. उद्या दात दुखला तर कानात बघाल.”

“गुडघा ठणठणीत आहे तुमचा. कळ खुब्यातून निघते आणि जांघेतून, मांडीवरून गुडघ्यात उतरते. मोजा घालायला वाकता येत नाही ना?”

सरदारांनी चपलेतला पाय खुर्चीखाली ओढला. कित्येक महिने ते मोजे-बूट सोडून चपलांवर वावरत होते. कोणी विचारलं तर पायाला उकडतं म्हणून सांगत होते.

तिनं फोटो उजेडासमोर धरला. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो, मधे गुळगुळीत गादी असते, ती गादीच झिजली होती. वजन उतरवा, रोज व्यायाम करा, जिने टाळा, काठी डाव्या हातात धरा, असं ती सांगत गेली. फारच दुखलं तर गोळी. गोळीनं भागेना तर सांध्यात इंजेक्शन, पण त्याचा गुण काही काळच टिकतो. एवढं करूनही झोप लागेनाशी झाली तर सांधा बदलायचा.

“तुमचं दुखणं त्या टोकाला आलंय. दोन महिन्यांचा दौरा आणि रोज जिन्यावरून चढउतार, हे आता नको. ऑपरेशन करून घ्या. बहुतेकांचं लंगडणं थांबतं.”

“लंगडणं थांबलं तर खाऊ काय?”

“नाटकात खोटं लंगडा की. पूर्वी लंगडायचात तसं.”

सरदारांनी नाक मुरडलं आणि उठले. दुखण्याचे लाड करणारी माणसं त्यांच्या डोक्यात जात. रंगभूषा करणाऱ्या मावशींच्या पाठीत उसण भरायची, तर भर तालमीत यांनी मावशींची चाल करून दाखवली होती. सगळे पोट धरून हसले. मावशीही हसल्या आणि मग बराच वेळ आतल्या खोलीत जाऊन बसल्या. एका नटानं कंबर धरली म्हणून सुट्टी मागितली, तर “बाळंतपण कधी आहे?” असं यांनी चारचौघांत विचारलं होतं. असल्या लोकांच्या रांगेत सरदारांनी उभं राहायचं? वर्षभर ते मंडळींदेखत दातावर दात ठेवून, काठीशिवाय सरळ चालत होते. मनमोकळं लंगडायला फक्त रंगमंच होता. लोक म्हणत, सरदार काय मुरलेत! सरदार ते कौतुक खुशाल पदरात पाडून घेत.

त्या संध्याकाळी गावातला शेवटचा प्रयोग होता. सकाळी मंडळी दौऱ्यावर निघणार होती. दुसऱ्या अंकात न्यायासनाच्या पायऱ्या उतरायच्या. पहिल्याच पायरीला खुब्यात कोणी खिळा ठोकावा अशी कळ आली. सरदारांनी मनातल्या मनात त्या पोरीला एक शिवी हासडली आणि काठी डाव्या हातात घेतली.

कळ अर्ध्यावर आली.

ते पायऱ्या उतरले. आरोपीपर्यंत चालत गेले, परत आले. इतकं हलकं वाटलं की फाशीची शिक्षा सुनावताना चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. टाळी पडली नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं.

पडदा पडताच दिग्दर्शक रंगभूषेच्या खोलीत आला. वयानं मुलासारखा, आणि सरदारांच्या मते पुस्तकं वाचून बिघडलेला.

“सरदार, काय चाललं होतं हे? पाय दुखतोय उजवा आणि काठी डावीकडे? इतकी वर्षं करताय, एवढं भान नाही?”

“तशीच धरतात. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कोणाच्या, न्यायाधीशाच्या डॉक्टरांनी?”

तोंडावरचा रंग पुसता पुसता सगळे हसले. मावशीसुद्धा.

सरदार उठले. उठताना टेबल धरावं लागलं, आणि आज त्यांनी ते लपवलं नाही.

“अरे, मला खरंच दुखतंय रे,” ते म्हणाले. “वर्ष झालं. मोजा घालता येत नाही. रात्री कूस बदलता येत नाही. मला दौऱ्यावर नेऊ नकोस. माझ्या जागी दुसरा कोणी घे. मला ऑपरेशन करायचंय.”

खोलीत कोणी हलेना. मावशींच्या हातातला कापूस हातातच राहिला. सरदार एक पाऊल पुढे आले, पाय लटपटला, आणि खुर्चीची पाठ धरून ते कसेबसे उभे राहिले.

कोपऱ्यात कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दिग्दर्शकानं डोळे पुसले. “बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला,” तो म्हणाला. “उद्याच्या प्रयोगाला हे असंच हवं. फक्त काठी उजव्या हातात.”