अक्का शेजारी बसतात

"दार नीट लाव," म्हणत कंपनीच्या मालकीण रुक्माबाई स्वतःच गाडीत चढून वनाच्या शेजारी बसल्या.

"अक्का, तुम्ही येताय?"

"नव्या ड्रायव्हरची पहिली फेरी माझ्यासोबत असते. गिरधरनं सांगितलं नाही?"

गिरधर वनाचा जुना दोस्त. त्यानं बाकी सगळं सांगितलं होतं. जळगावातले तातडीचा माल नेणारे ड्रायव्हर एकेक करून अक्कांच्या कंपनीत का चाललेत, ते त्यानं चहाच्या टपरीवर बोटांवर मोजून दाखवलं होतं. तिथं 'कुठं पोचलास' म्हणून दर दहा मिनिटांनी फोन येत नाही. डोळे जड झाले तर गाडी बाजूला लावायची आणि झोपायचं, त्या वेळेचाही पगार मिळतो. माल उशिरा पोचला तर शिव्या अक्का खातात, ड्रायव्हर नाही.

"बठ्ठा तठेच जाई राहिनात, वना," गिरधर म्हणाला होता. "तू बी चाल. बाई देवमाणूस शे."

मागे धुळ्याच्या एका सूतगिरणीचा गिअरबॉक्स होता. गिरणी सकाळपासून बंद पडलेली. जुन्या मालकानं एव्हाना चार वेळा फोन करून आईबहीण काढली असती. अक्का मात्र भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मधूनच चार दाणे वनापुढे धरायच्या.

पाळधी मागे पडलं.

"त्या मालकाकडे किती वर्षं होतास?"

"पाच."

"म्हणजे तीन वर्षांपूर्वी तिथंच."

"हो."

"तेव्हा गाडी कुठली होती?"

वनानं गिअर बदलला. गरज नसताना बदलला. "छोटा टेम्पो. मोडीत निघाला तो."

"हं." अक्कांनी टरफलं खिडकीबाहेर टाकली. "एरंडोल संपलं की जुना रस्ता घे."

"अक्का, चौपदरीनं लवकर पोचू."

"जुना घे."

तीन वर्षं वनानं तो रस्ता टाळला होता. चौपदरी होईपर्यंत धुळ्याला जायचंच झालं तर तो अमळनेरचा वळसा घालायचा. डिझेल जास्त जळतं म्हणून मालकाचं बोलणं ऐकून घ्यायचा, पण तिथून जायचा नाही.

जानेवारीतली पहाट होती ती. धुकं असं की चार हातांपुढचं दिसेना. मागे औषधांची खोकी आणि कानाशी मालकाचं ओरडणं. चाकाखाली काहीतरी आलं. आधी पुढचं चाक उचललं गेलं, मग मागचं. वनानं ब्रेक दाबला. आरशात डांबरावर निळा स्वेटर दिसला आणि त्यातून बाहेर आलेला एक हात. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वनानं पहिला गिअर टाकला.

पुढचे कितीतरी दिवस त्यानं पेपरला हात लावला नाही. तो माणूस कोण, जगला की गेला, कुणाला विचारलं नाही. बायकोला, तानुबाईलाही, सांगितलं नाही. ती म्हणायची, झोपेत दचकता फार. तो म्हणायचा, पित्त झालंय.

जुन्या रस्त्यावर वर्दळ नव्हती. दोन्ही बाजूंना कपाशी, वर तापलेलं ऊन. काहीतरी बोलायला हवं म्हणून वनानं तोंड उघडलं.

"अक्का, झोपायचा पगार देणं तुम्हाला परवडतं कसं?"

"नाही परवडत. पिंप्राळ्याचं घर विकून कंपनी काढली. आता दुसऱ्यांदा कर्ज काढलंय."

"मग कशासाठी हे सगळं?"

"ड्रायव्हर माझ्याकडे यायला हवेत म्हणून. या रस्त्यानं तातडीचा माल नेणारा एकही बाहेर राहायला नको."

वनानं स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर ओढ्यावरची मोरी दिसत होती, त्या पहाटेची तीच, एका बाजूचा कठडा तुटलेली. त्याचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवर दाबला गेला.

"थांब," अक्का म्हणाल्या. "मोरीपाशी थांब."

गाडी थांबली. इंजिन बंद झाल्यावर वनाला आपलाच श्वास ऐकू यायला लागला. दार उघडून कपाशीत पळावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण तो जागचा हलला नाही.

"इथं," अक्का समोर बघत म्हणाल्या. "माझे यजमान. मोतीलाल नाव. इथल्या शेतावरून पहाटेच सायकल घेऊन निघाले होते. थंडी होती म्हणून मी विणलेला निळा स्वेटर घातला होता. त्या वेळेला इथून फक्त तातडीच्या मालाच्या गाड्या जातात, एवढंच पोलिसांनी सांगितलं. पुढे तपास नाही. मी किती गाड्यांमागे धावणार होते? मग म्हटलं, असं काहीतरी उभं करावं की तो आपल्या पायांनी माझ्याकडे येईल. प्रत्येक नव्या माणसाला मी इथं आणते. इथं बसते. बघते."

त्यांनी मान वळवली आणि वनाकडे बघितलं.

वनानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"अक्का, मीच तो." तो म्हणाला. "मीच मारलं त्यांना. आरशात बघितलं आणि तसाच गेलो. काय करायचं ते करा. पोलिसांत द्या. माणसं बोलवा. पण आता सोडवा मला यातून."

त्यानं डोळे मिटले. थप्पड बसेल, किंकाळी येईल, फोन लागेल, कशाचीही तो वाट बघत होता. काहीच झालं नाही. अक्कांच्या पदरातल्या शेंगा तेवढ्या खाली सांडल्या. मग पदर झटकून त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ पुसली.

"गाडी चालू कर. गिरणी थांबलीय."

"अक्का..."

"पंचनाम्यात त्यांच्या अंगावर चार गाड्यांच्या टायरचे ठसे आहेत, वना," त्या म्हणाल्या. "कबूल झालेला तू तिसरा. एक यायचा राहिलाय."